पेरू-बोलिव्हिया गट सहल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सहलीआधीच्या बैठकीत पहिला हात वर होतो तो जेवणासाठी. "शाकाहारी मिळेल ना?" मिळेल, सविस्तर खाली लिहिलं आहे. पण या सहलीत आधी विचारायचा प्रश्न हवेचा आहे. कुठल्या गावानंतर कुठलं गाव आणि कुठं किती रात्री, हे सगळं आम्ही त्या एका गोष्टीवरून ठरवलं आहे. म्हणून सुरुवात तिथून.

नक्की किती उंचावर जायचं आहे?

लिमा समुद्राकाठी आहे, तिथं काही प्रश्न नाही. कुस्को सुमारे ३,४०० मीटरवर, म्हणजे जवळपास लेहइतकं. तितिकाका सरोवर ३,८१२ मीटर. ला पाझ शहराचा मध्यभाग ३,६०० च्या वर आणि त्याचा विमानतळ त्याहून वर, एल आल्तोच्या पठारावर, ४,००० मीटरच्या पुढं. उयुनीचं मिठाचं पठार ३,६५६. अंदाज यावा म्हणून सांगतो, आपलं कळसूबाई १,६४६ मीटर आहे.

मजा अशी की ज्या फोटोपायी निम्मे लोक नाव नोंदवतात, तो माचू पिचू, म्हणजे इंकांचं जुनं डोंगरी नगर, यात बराच खाली आहे: २,४३० मीटर. म्हणजे कुस्कोपेक्षा जवळजवळ एक किलोमीटर खाली.

वर गेल्यावर हवेतला ऑक्सिजन टक्केवारीनं कमी होत नाही, तो २१ टक्केच असतो. हवेचा दाब उतरतो, त्यामुळं कुस्कोत एका श्वासात घरच्या मानानं साधारण दोन तृतीयांशच ऑक्सिजन मिळतो. शरीर याची सवय करून घेतं, पण त्याला दोन-तीन दिवस द्यावे लागतात.

मी दर रविवारी गडावर जातो. मला त्रास होणार नाही ना?

हे सांगता येत नाही, आणि ज्यांना हे सांगता येतं असं वाटतं त्यांचीच आम्हाला जास्त काळजी वाटते. एका गटात नाशिकचे अडुसष्ट वर्षांचे काका होते. सह्याद्रीतले बहुतेक किल्ले पायाखाली घातलेले. कुस्कोत हॉटेलवर पोचताच दोन्ही बॅगा स्वतः उचलून तिसऱ्या मजल्यावर चढले, वरून आम्हाला हाकही मारली. रात्रभर डोकं धरून बसले आणि दोनदा उलटी. काकू मात्र, ज्या घरी जिना चढतानाही कठड्याला धरतात, दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात लोकरीच्या टोप्यांचा भाव करत होत्या. उंचीचा त्रास कोणाला होणार हे तब्येतीवरून ओळखता येत नाही. आधी कधी झाला असेल तर पुन्हा होण्याची शक्यता जास्त, आणि घाई केली तर आणखीच जास्त.

मग तुम्ही काय काळजी घेता?

मुख्य काळजी नकाशातच घेतलेली आहे. विमान कुस्कोला उतरतं, पण आपण त्या दिवशी कुस्कोत थांबत नाही. विमानतळावरूनच बसनं उरुबांबाच्या खोऱ्यात उतरतो, २,९०० मीटरच्याही खाली, आणि तिथं दोन रात्री काढतो. मग माचू पिचू, मग कुस्को, मग तितिकाकाकाठचं पुनो, मग ला पाझ. म्हणजे झोपायची उंची एकदम वाढत नाही. पहिल्याच रात्री कुस्कोत मुक्काम ठेवला तर एक दिवस वाचतो आणि सहल स्वस्तही होते. आमची महाग का, याचं निम्मं उत्तर हे.

बसमध्ये ऑक्सिजनचं सिलिंडर असतं. रोज सकाळी आणि रात्री बोटाला ऑक्सिमीटर लावला जातो. "मी बरा आहे हो" म्हणून तो चुकवू नका. पहिल्या दोन रात्री दारू नाही, झोपेची गोळी नाही, आणि रात्री पोट फुटेस्तोवर जेवण नाही. डोकं दुखणं, भूक न लागणं, झोप तुटणं हे चालायचंच. चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ, किंवा बसल्या जागी धाप लागणं दिसलं तर त्या माणसाला लगेच खाली न्यायचं, कार्यक्रम काय आहे ते बघायचं नाही.

कुस्कोतली तिसरी रात्र आमच्या दृष्टीनं निर्णयाची. इथं ज्यांची तब्येत रुळली नाही त्यांना आम्ही पुढं नेत नाही, लिमाला परत पाठवतो. कुस्कोहून खोऱ्यात तासाभरात उतरता येतं. पुनोहून चटकन उतरायला जागाच नाही, चहूकडं पठार.

उंचीची गोळी घ्यावी का?

असेटाझोलामाइड नावाची गोळी बरेच डॉक्टर देतात. ती आमच्याकडून किंवा शेजारच्या सीटवरून मागून घेऊ नका. सल्फा औषधांची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील तर तुमच्या डॉक्टरांशी आधी बोला. तिनं लघवी जास्त होते आणि बोटांना मुंग्या येतात, हे ठाऊक असलेलं बरं. दर गटात कोणीतरी त्यानं घाबरतंच.

आणि तो कोकाचा चहा?

हॉटेलात शिरताच समोर ठेवतात. हिरवट, थोडा गवतीचहासारखा, थोडा वाळल्या पानांसारखा. पेरू-बोलिव्हियात तो पूर्ण कायदेशीर आहे, डोंगरातली माणसं ही पानं पिढ्यान्‌पिढ्या चघळत आली आहेत. तिथं प्या, बरं वाटतं. पण पानं किंवा चहाच्या पुड्या आठवण म्हणून बॅगेत टाकू नका, एकही नाही. भारतात आणि वाटेतल्या बहुतेक देशांत ते अमली पदार्थांच्या कायद्यात येतं.

वयाची अट आहे का?

वरची नाही. घरी दोन मजले न थांबता चढून वर गेल्यावर बोलता आलं पाहिजे, एवढी आमची घरगुती परीक्षा. हृदय, फुप्फुसं किंवा झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांचं पत्र लागेल. दहा वर्षांखालची मुलं आम्ही घेत नाही.

किती दिवस? विमान कसं?

एकूण १९ दिवस, त्यातल्या तिथल्या रात्री १५. लिमा २, उरुबांबा २, माचू पिचूच्या पायथ्याशी १, कुस्को ३, पुनो २, ला पाझ २, उयुनी २ आणि परतताना लिमा १. भारतातून थेट विमान नाही, युरोपातून जातो. दारातून दारात तीस तास धरून चाला. अमेरिकेतून तिकीट स्वस्त दिसलं तरी तिथं नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. पेरूचं घड्याळ आपल्या साडेदहा तास मागं, त्यामुळं घरी फोन करताना आपली सकाळ म्हणजे त्यांची संध्याकाळ.

व्हिसाचं काय?

तुमच्याकडं अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला व्हिसा असेल, तर पेरूमध्ये पर्यटनासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. नसेल तर काढावा लागतो. बोलिव्हियाचे नियम निराळे आणि बदलते, ते आम्ही नोंदणीच्या दिवशी तपासून लेखी कळवतो.

पिवळ्या तापाची लस खरंच लागते का? मित्र म्हणतो कोणी विचारत नाही.

मित्राचं नशीब. लागते, आणि ती मुख्यतः परत येताना लागते. लिमा, कुस्को, ला पाझ या भागांत या तापाचा धोका नाही, हा ताप पसरवणारे डास कुस्को-ला पाझच्या उंचीवर टिकत नाहीत. पण भारताचा नियम देश बघतो, गाव नाही. पिवळ्या तापाच्या देशांच्या सरकारी यादीत पेरू आणि बोलिव्हिया दोन्ही आहेत, आणि या यादीतल्या देशांतून सहा दिवसांच्या आत आलेल्या प्रवाशाकडं प्रमाणपत्र नसेल तर त्याला विमानतळावरून थेट विलगीकरणात नेता येतं.

लस फक्त सरकारमान्य केंद्रात मिळते आणि तिथं वेळ आधी घ्यावी लागते. प्रमाणपत्र लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं आणि आता ते आयुष्यभर चालतं. लस जिवंत विषाणूची आहे, त्यामुळं साठीपुढच्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारायचं. हे काम निघायच्या आठवड्यावर ढकलू नका.

आता जेवण. शुद्ध शाकाहारी माणूस उपाशी राहील का?

उलट वजन वाढवून आलेले शाकाहारी आम्ही पाहिले आहेत. ही बटाट्याची जन्मभूमी. हजारो जाती: पिवळे, जांभळे, गाठीगाठीचे, रात्रीच्या थंडीत गोठवून पायांनी तुडवून सुकवलेले सुद्धा. आपला 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीजांनी दिला, पण वस्तू मूळची इथली. थोडा विचार केला तर एकादशीची खिचडीच तिकडची निघते. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो, शेंगदाणा आणि बटाटा तिन्ही दक्षिण अमेरिकेतले, मिरचीही अमेरिका खंडातली. आपलं म्हणायला उरलं ते तूप. कुस्कोच्या बाजारात 'किविचा'ची वडी मिळते, ती हातात घेतली की ओळख पटते: राजगिऱ्याची चिक्की.

(पेरूत पेरू मिळतो का, हेही विचारतात. मिळतो, 'ग्वायाबा' म्हणायचं.)

किन्वाचं सूप, चीज आणि पिवळ्या मिरचीच्या सॉसमधले उकडलेले बटाटे, मोठ्या दाण्याचं मक्याचं कणीस आणि ताज्या चीजचा तुकडा, आणि 'चिफा' म्हणजे पेरूच्या चिनी खानावळीतला भाज्या घालून परतलेला भात. सावध कुठं राहायचं तेही सांगतो. 'सिन कार्ने', म्हणजे मांस नको, असं म्हटलं की चिकन येऊ शकतं, कारण 'कार्ने' म्हणजे बहुतेकांच्या लेखी गोमांस. म्हणून 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो' अशी तिन्ही नावं घ्या. भाज्यांचं सूप हाडांच्या पाण्यात शिजलेलं असू शकतं, मक्याच्या पिठाच्या 'तामालेस'मध्ये डुकराची चरबी असते. आणि 'पिस्को सावर' या प्रसिद्ध पेयावरचा पांढरा फेस अंड्याचा असतो, हे एका मावशींना ग्लास संपल्यावर कळलं. शेजारच्या टेबलावर आख्खा भाजलेला गिनीपिग आला तर नजर वळवा. तो तिथं सणासुदीचा पदार्थ आहे, कृपा करून नाक मुरडू नका.

जैन जेवणाची हमी आम्ही देत नाही. कंदमुळं वगळली तर त्या डोंगरात ताटात फार थोडं उरतं, हे आधीच सांगितलेलं बरं.

घरचा कोरडा, पाकीटबंद खाऊ आणा. ताजी फळं, भाज्या, बियाणं नको, ती कस्टममध्ये काढून घेतात. बाकरवडीचं पाकीट कुस्कोत उशीसारखं टम्म फुगलेलं दिसेल, घाबरू नका, बाहेरचा दाब कमी झालाय इतकंच. याच कारणानं तिथं पाणी नव्वद अंशांच्या आतच उकळतं, म्हणून खोलीतल्या किटलीत केलेल्या चहाला घरची चव येत नाही. नळाचं पाणी कुठंही प्यायचं नाही.

मे महिना चांगला की दिवाळीची सुट्टी?

मे. डोंगरातला पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च, कोरडा हंगाम मे ते सप्टेंबर. मेमध्ये डोंगर अजून हिरवे असतात आणि जून-जुलैची गर्दी यायची असते. २४ जूनला कुस्कोत सूर्याचा उत्सव, 'इंती राय्मी', फार देखणा असतो, पण त्या आठवड्यात खोल्यांचे भाव बघून आम्ही नाद सोडला.

एक निवड मात्र करावी लागते. उयुनीच्या मिठावर पाण्याचा पातळ थर साचून आकाशाचा आरसा होतो, तो जानेवारी ते मार्चमध्ये. त्याच दिवसांत माचू पिचू ढगात असतो. मेमध्ये उयुनीला पांढरं, कोरडं, षटकोनी भेगांचं मीठ दिसतं. दोन्ही एका सहलीत देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

माचू पिचूला किती वेळ मिळतो? परत आत जाता येतं का?

सगळ्यात जास्त गैरसमज इथं आहेत, म्हणून जरा विस्तारानं.

पायथ्याच्या आग्वास कालिएंतेस गावाला मोटारीचा रस्ता नाही. उरुबांबाच्या खोऱ्यातल्या ओयांतायतांबो गावाहून रेल्वेनं जायचं, उरुबांबा नदीच्या कडेकडेनं, सुमारे पावणेदोन तास. गाडीत छोटीच बॅग चालते, मोठी हॉटेलात ठेवून निघायचं. आम्ही त्या गावात रात्र काढतो, कारण कुस्कोहून जाऊन-येऊन केलं तर दिवस गाड्या पकडण्यात जातो. सकाळी बसनं नागमोडी घाट, अर्धा तास.

तिकिटावर वेळ छापलेली असते आणि मार्गही. २०२४ पासून आत तीन मुख्य मार्ग आणि त्यांचे पोटमार्ग आहेत. ज्या मार्गाचं तिकीट त्याच मार्गानं, एकाच दिशेनं. मागं फिरता येत नाही, बाहेर पडलात की परत आत नाही. स्वच्छतागृह दाराबाहेर आहे, त्यामुळं आधी जाऊन या. गटासाठी आम्ही दुसरा मार्ग घेतो: वरून तो ठरलेला फोटो, आणि मग खाली दगडी घरांमधून चालणं. तिकिटं महिनोन्‌महिने आधी संपतात आणि त्यावर पासपोर्टचा क्रमांक असतो. म्हणूनच नोंदणीनंतर पासपोर्ट नवा काढलात तर त्याच दिवशी कळवा.

हे नगर इंका राजा पाचाकुतीच्या काळात, पंधराव्या शतकाच्या मध्याला उभं राहिलं. अमेरिकी प्राध्यापक हायरम बिंगहॅम १९११ मध्ये इथं पोचला आणि 'शोध लावला' म्हणून गाजला. तो पोचला तेव्हा त्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांवर स्थानिक कुटुंबं शेती करत होती, आणि वाट दाखवायला बरोबर त्यांच्यातलाच एक लहान मुलगा होता.

रेनबो माउंटन का नाही?

कुस्कोकडचा तो रंगीत पट्ट्यांचा डोंगर ५,००० मीटरच्या वर आहे. बस.

पुनोहून ला पाझला विमानानं का नाही जात?

कारण हा रस्ता म्हणजे सहलीतला आमचा आवडता दिवस. सरोवराच्या कडेनं सीमा ओलांडली की कोपाकबाना लागतं. रिओच्या त्या प्रसिद्ध किनाऱ्याला नाव इथल्या मेरीमातेवरून मिळालं. चर्चसमोर गाड्यांची रांग असते, नवी-जुनी, टॅक्सी, ट्रक. बॉनेटवर फुलांच्या माळा, आरशाला रंगीत कागद, आणि पाद्री प्रत्येक गाडीच्या इंजिनावर पाणी शिंपडत पुढं जातो. आमच्या गटातलं कोणीतरी हमखास म्हणतं, "अहो, दसराच आहे की!"

पुढं तिकिनाच्या खाडीशी रस्ता संपतो. तुम्ही उतरून छोट्या लाँचमधून पलीकडं जायचं आणि तुमची बस, बॅगांसकट, लाकडी फळ्यांच्या सपाट तराफ्यावर डुलत मागून येते. काठावर नौदलाचा तळ दिसतो. १८७९ मध्ये पेटलेल्या युद्धात बोलिव्हियानं समुद्रकिनारा चिलीला गमावला, पण नौदल आजही आहे, ते सरोवरात आणि नद्यांत असतं.

ला पाझमध्ये दोन दिवस काय बघायचं?

शहरच. ते एका खोल वाडग्यात सांडल्यासारखं पसरलं आहे आणि २०१४ पासून त्यावरून केबल कार धावतात. पर्यटकांसाठी नाही, कामावर जाणाऱ्यांसाठी. लाल मार्गानं एल आल्तोला चढताना खाली कब्रस्तान दिसतं, एकावर एक रचलेल्या खणांच्या भिंती, प्रत्येक खणाला काच आणि आत फुलं. आपल्याकडं टेकडीवरचा बंगला श्रीमंताचा. इथं उलट: पैसेवाले खाली, जिथं हवा दाट आणि ऊबदार, आणि गरीब वर वाऱ्यात.

थंडी किती? कपडे कोणते?

मे ते ऑगस्ट तिथला हिवाळा. उयुनीला रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो, दुपारी त्याच जागी शर्टावर फिरता. एक जाड कोट नको, थरावर थर आणा. टोपी, गॉगल आणि सनस्क्रीन विसरलात तर मिठावरून परावर्तित झालेलं ऊन नाकपुड्यांच्या आतूनही भाजतं. लिमात मात्र जूनपासून सूर्य रुसलेला असतो: थंड सागरी प्रवाहामुळं शहरावर राखाडी ढग बसून राहतो, पाऊस मात्र जवळपास नाहीच.

पैसे कसे न्यावेत?

डॉलरच्या नव्या, न फाटलेल्या, न दुमडलेल्या नोटा. कोपऱ्यात केसभर चीर असली तरी दुकानदार नोट परत करतो. पेरूत सोल, बोलिव्हियात बोलिव्हियानो. बाजारासाठी आणि स्वच्छतागृहासाठी सुटे खिशात हवेत. तिथं कागद कमोडमध्ये टाकायचा नसतो, बाजूच्या डब्यात टाकतात.

सुरक्षित आहे का? मध्येच आंदोलन झालं तर?

मोबाइल हातात नाचवत चालू नका आणि रात्री टॅक्सी हॉटेलकडूनच मागवा. मोठ्या शहरात घ्यावी तेवढी काळजी पुरते. आंदोलनांचं मात्र खोटं सांगणार नाही: दोन्ही देशांत रस्ता अडवणं ही नेहमीची पद्धत आहे, आणि २०२३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत माचू पिचूच काही आठवडे बंद होतं. असं झालं तर मार्ग बदलतो, न वापरलेल्या तिकिटांचे जे पैसे परत मिळतात ते तुमचे. प्रवास विमा त्यासाठी सक्तीचा, आणि तो घेताना ४,००० मीटरच्या वरची उंची त्यात धरली आहे का ते बारीक अक्षरात वाचा.

मी एकटी येतेय, चालेल का?

चालेल. गट चौदा जणांचा, त्यात दर वेळी तीन-चार एकट्या बायका असतातच. जोडीदारीण मिळाली तर खोली वाटून, नाहीतर स्वतंत्र खोलीचे जास्तीचे पैसे.

परत येताना काही लक्षात ठेवायचं?

लशीचं पिवळं पुस्तक हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेत नाही. मुंबईत उतरल्यावर आरोग्य विभागाचा काउंटर इमिग्रेशनच्या आधी येतो, आणि बॅगा त्याच्या पुढच्या पट्ट्यावर. एक काका तिथं अर्धा तास अडकले होते. पुस्तक बॅगेत, बॅग पट्ट्यावर, आणि पट्टा काउंटरच्या पलीकडं.